रशिया–अमेरिका भगिनी शहरांत विद्यार्थ्यांची देवाणघेवाण नेमकी कशी चालायची? आपल्या शाळेला त्यातलं काय घेता येईल?

बोरीकाठ

राम राम मंडळी. अमळनेर तालुक्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेसाठी विचारते आहे. आठवी-नववीची मुलं, मराठी माध्यम. रशिया आणि अमेरिकेची गावं एकमेकांची ‘भगिनी शहरं’ होती, शीतयुद्धातही मुलं, शिक्षक, गायक, डॉक्टर इकडून तिकडे जात होते, एवढं वाचून माहीत आहे. तो नमुना समजून घेऊन आमच्या शाळेची एक रशियन आणि एक अमेरिकन शाळा जोडायची आहे. साने गुरुजींनी आंतरभारतीचा विचार मांडला, त्यांच्या कर्मभूमीत हे व्हावं असं मनापासून वाटतं.

प्रश्न तीन. तिकडे खर्च कोण करायचं आणि मुलं राहायची कुठे? अशा जोड्या मोडतात त्या कशामुळे? आणि आपल्याकडे परवानग्या कुणाकुणाच्या लागतात? पैसा फारसा नाही, हे धरूनच सांगा.

सातपुडा_वारा

ताई, आधी पाया सांगतो. अमेरिकेत ही चळवळ १९५६ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सुरू केली. सरकारांचं जमो न जमो, नागरिकांनी नागरिकांशी बोलत राहावं हा विचार. पुढे त्यातूनच ‘सिस्टर सिटीज इंटरनॅशनल’ ही संस्था उभी राहिली. सोव्हिएत शहराशी पहिली जोडी १९७३ ची, सिएटल आणि ताश्कंद (जोडीत आधी अमेरिकन शहराचं नाव). मग १९७५ ला जॅक्सनव्हिल–मुर्मान्स्क, १९८८ ला पोर्टलंड–खबारोव्स्क, १९८९ ला डरहॅम–कोस्त्रोमा, १९९० ला रॉचेस्टर–नोव्हगोरोद, १९९१ ला अँकरेज–मगादान. इंग्रजीत ‘बहीण’ म्हणतात, रशियनमध्ये त्याच नात्याला ‘पोब्रातिम’ शब्द आहे, म्हणजे मानलेला भाऊ. मला रशियन शब्द जास्त नेमका वाटतो. मानलेलं नातं रोज निभवावं लागतं.

आता खर्च. सोव्हिएत काळात रूबल देशाबाहेर चालत नसे आणि सामान्य माणसाला डॉलर मिळत नसत. त्यावर ‘बिगरचलनी देवाणघेवाण’ हा तोडगा होता. पाहुणे आले की त्यांचं राहणं, जेवण, गावातला प्रवास, संग्रहालयाची तिकिटं हे सगळं यजमानांनी आपल्या चलनात करायचं. परतभेटीत समोरच्यांनी तेच करायचं. विमानाचं भाडं ज्याचं त्यानं भरायचं. यात हिशेब पैशाचा नसतो, माणसाला माणूस आणि दिवसाला दिवस असा असतो. इकडून १० मुलं आणि २ शिक्षक १४ दिवस गेले, तर तिकडून तेवढेच, तेवढेच दिवस येणार. डॉलरचा भाव काय, हा प्रश्नच उद्भवत नाही.

तुमच्यासाठी यातली सगळ्यांत मोलाची गोष्ट हीच आहे. अमळनेरच्या घरात १४ दिवस पाहुणा ठेवायला जो खर्च येतो तो अमेरिकन घराच्या मानाने किरकोळ, पण करारात दोन्ही बाजू सारख्या राहतात. आपली शाळा मदत मागणारी ठरत नाही. मात्र विमानभाडं तिथेच राहतं आणि ते आपल्या पालकांना जड आहे. म्हणून सुरुवात प्रवासाने करू नका.

मुलं राहायची कुठे? ऐंशीच्या दशकाच्या शेवटापर्यंत सोव्हिएत बाजूला परदेशी पाहुण्यांना बहुधा हॉटेलातच उतरवत, घरी मुक्काम क्वचित. गोर्बाचोव्ह काळात घरं उघडली आणि तिथून पुढे देवाणघेवाणीला खरा जीव आला. काही शहरं तर परदेशी माणसाला बंदच होती. व्लादिवोस्तोक १ जानेवारी १९९२ ला खुलं झालं, म्हणून त्याच्या अमेरिकन जोड्या उशिराच्या.

भुसावळ_जंक्शन

वरच्या यादीत एक दुरुस्ती. ताश्कंद रशियात नाही, उझबेकिस्तानात आहे. बोल्डरची जोडी असलेलं दुशान्बे ताजिकिस्तानात, ह्यूस्टनचं बाकू अझरबैजानात. १९९१ पूर्वीची ‘सोव्हिएत’ जोडी आणि आजची ‘रशियन’ जोडी या दोन वेगळ्या याद्या आहेत. मुलांकडून नकाशा भरून घेणार असाल तर दोन रंग वापरा.

आणि शाळा शोधताना नाव बघून शोधू नका, धागा बघा. ज्या जोड्यांत काम उभं राहिलं त्यांत काहीतरी सारखं होतं. डुलुथ लेक सुपीरियरच्या काठी, पेत्रोझावोद्स्क ओनेगा सरोवराच्या काठी, दोन्ही थंडीने गोठणारी, दोन्हींच्या इतिहासात लोखंड. ओक रिज आणि ओबनिन्स्क ही अणुविज्ञानाची गावं. ओबनिन्स्कचं ५ मेगावॅटचं अणुवीज केंद्र १९५४ साली वीजजाळ्याला जोडलं गेलं, जगातलं पहिलं. ला क्रॉस मिसिसिपीवर, दुब्ना व्होल्गावर. नदीकाठच्या मुलांना एकमेकांना विचारायला प्रश्न आपसूक सुचतात. तुमच्याकडे तापी आहे, बोरी आहे, केळी आणि कापूस आहे. अमळनेरला १९१६ पासूनचं तत्त्वज्ञान मंदिर आहे. रेल्वेचं मोठं जंक्शन म्हटलं तर आमचं भुसावळ. यातला एकच धागा धरा.

गिरणाथडी

कशामुळे मोडतात, याबद्दल सविस्तर लिहिते, कारण तिथेच सगळे फसतात.

पहिलं कारण म्हणजे नातं महापौराच्या सहीवर उभं असतं. सही करणारा पाच वर्षांत बदलतो. जिथे नागरिकांची समिती आहे आणि दोन्हीकडे एक-एक नाव घेण्याजोगा शिक्षक आहे, तिथे निवडणूक झाली तरी पत्र थांबत नाही. तुमच्या कागदावर मुख्याध्यापकांची सही असू द्या, पण शेजारी दोन समन्वयक शिक्षकांची नावं आणि ‘बदली झाल्यास पुढचा कोण’ हेही लिहा. दोन नावं हवीतच. एक शिक्षक बाळंतपणाच्या रजेवर किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की तीन महिने उत्तर जात नाही, आणि समोरची शाळा तो नकार समजते.

दुसरं कारण, भेट आधी आणि जागा नंतर. दुशान्बेच्या महापौरांनी बोल्डरला एक चहाघर भेट दिलं. ४० हून अधिक ताजिक कारागिरांनी १९८७ ते १९९० या काळात त्याची कोरीव छतं, रंगवलेले खांब, मातीच्या फरशा घडवल्या. ते पेट्यांत भरून अमेरिकेत पोचलं आणि जागा कुठली, बांधायचा पैसा कुणाचा, यावर वर्षं गेली. उघडलं १९९८ साली. आज ते उत्तम चालतं, पण ती वर्षं लक्षात ठेवा. मुलांनी ६० चित्रं पाठवली आणि समोरच्या शाळेत भिंत ठरलेली नसेल, तर ती कपाटात पडून राहतात. चित्र पाठवायच्या आधी विचारा: कुठल्या भिंतीवर, किती दिवस, उतरवल्यावर कुणाकडे?

तिसरं कारण एका माणसाच्या चुकीने सगळ्यांचं दार बंद होणं. ‘फ्लेक्स’ नावाचा अमेरिकन सरकारचा शालेय कार्यक्रम १९९३ पासून सोव्हिएत संघातून वेगळ्या झालेल्या देशांतल्या मुलांना एक वर्षासाठी अमेरिकन कुटुंबात ठेवत असे. ऑक्टोबर २०१४ मध्ये रशियाने त्यातून अंग काढून घेतलं. कारण असं दिलं गेलं की एक विद्यार्थी मुदत संपल्यावर परतला नाही. युक्रेनवरून संबंध आधीच बिघडलेले होते, पण निमित्त ते झालं. म्हणून प्रवासाची वेळ येईल तेव्हा परतीचं तिकीट, आई-वडील दोघांची नोटरी केलेली संमती आणि पाहुण्या मुलाचा तिथला जबाबदार प्रौढ कोण, हे तीन कागद निघाल्याशिवाय कुणालाही गाडीत बसवायचं नाही.

चौथं, राजकारण. फेब्रुवारी २०२२ नंतर शिकागोने मॉस्कोशी १९९७ पासूनचं नातं स्थगित केलं, आणखीही काही शहरांनी तसं केलं. सिस्टर सिटीजच्या मुख्य संस्थेचं म्हणणं मात्र होतं की शक्यतो नाती तोडू नका. तुमच्यासाठी याचा सरळ अर्थ असा की रशियन, अमेरिकन आणि आपली अशी तीन शाळांची एकत्र बैठक ठरवू नका. तिकडच्या शिक्षकाला वरून ‘नाही’ ऐकावं लागेल आणि तुमचाही धागा तुटेल. दोन वेगळे धागे ठेवा. भारतातल्या शाळेला दोघांशीही बोलता येतं, ही आपली ताकद आहे, ती जपून वापरा.

आता बारीक गोष्टी, ज्या कुणी सांगत नाही. अमेरिकेत तारीख महिना-दिवस-वर्ष अशी लिहितात, रशियात आपल्यासारखी दिवस आधी. ०३/०४ लिहिलं तर एकाला ४ मार्च, दुसऱ्याला ३ एप्रिल. महिना अक्षरांतच लिहा. रशियन शाळा पहिली ते अकरावी, अमेरिकन बारावीपर्यंत. रशियन मुलं साधारण सात वर्षांची झाली की पहिलीत जातात. जोडी वर्गाच्या आकड्यावरून नाही, वयावरून लावा. रशियन शाळेत ५ म्हणजे उत्तम आणि २ म्हणजे नापास. आपल्या मुलीला कुणी ‘मला दोन मिळाले’ म्हणालं तर तिला अभिनंदन करायला नको!

नावांचं तर शिकवण्यासारखं आहे. रशियन माणसाचं नाव, वडिलांच्या नावावरून दुसरं नाव, मग आडनाव, अगदी आपल्यासारखं. तिकडे विद्यार्थी बाईंना पहिलं नाव आणि वडिलांचं नाव जोडून हाक मारतात, अमेरिकन मुलं आडनावाने, आपली मुलं ‘पाटील सर’ नाहीतर नुसतं ‘बाई’. पहिल्या ऑनलाइन तासाला हाच विषय ठेवा. भाषा तोडकीमोडकी असली तरी तास रंगतो.

फुलं द्यायची झाली तर रशियात विषम संख्येनेच. सम संख्या अंत्यविधीला. आपण ५१, १०१ आहेर करतो, मुलांना ते लगेच कळेल. पाहुण्यांचं स्वागत पाव आणि मिठाने करतात. पावाचा लहान तुकडा तोडून मिठाला लावून खायचा, अख्खा पाव हातात घ्यायचा नाही. घरात बूट काढतात आणि सपाता देतात. अमेरिकन घरात मात्र घरागणिक वेगळं, तिथे दारात विचारायचं.

लळिंगकर

परवानग्यांचं मी सांगतो. यातलं अर्धं तुम्हाला आज लागणार नाही, पण क्रम माहीत असलेला बरा.

‘भगिनी शहर’ हा शब्द वापरायचाच नाही, हे आधी ठरवा. तो नगरपरिषदेचा किंवा महापालिकेचा करार होतो. त्याला सर्वसाधारण सभेचा ठराव, मग राज्याच्या नगरविकास विभागामार्फत प्रस्ताव आणि परराष्ट्र मंत्रालयाची मान्यता लागते. मुंबईचे लॉस एंजेलिस आणि सेंट पीटर्सबर्ग या दोन्हींशी असे संबंध आहेत, पुण्याचे सॅन होजेशी, चेन्नईचे व्होल्गोग्रादशी. तुमच्या कामाला ‘शाळा मैत्री’ पुरेशी आहे. शालेय व्यवस्थापनाचा ठराव, शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांना पत्र आणि पोच, पालकांची संमती. संमतीपत्रात फोटो आणि व्हिडिओचा वेगळा रकाना ठेवा. अमेरिकन शाळा त्याशिवाय एकही चेहरा दाखवू देत नाहीत, रशियातही वैयक्तिक माहितीचा कायदा कडक आहे.

पैसे परदेशातून घेऊ नका. समोरची शाळा प्रेमाने २०० डॉलर पाठवते म्हणाली तरी नाही. परदेशी निधीच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठराविक खात्यातच येऊ शकते. वर सांगितलेली बिगरचलनी पद्धत इथेही कामाला येते, कारण पैसा सीमा ओलांडतच नाही.

पण त्याच कायद्याचं कलम ६ परदेशी पाहुणचाराचं आहे. सरकारी कर्मचारी परदेशात यजमानाच्या खर्चाने राहणार असेल तर केंद्राची पूर्वपरवानगी लागते, ऑनलाइन एफसी-२ अर्ज, निदान दोन आठवडे आधी. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी हे गृहीतच धरावं. अनुदानित खासगी शाळेतल्या शिक्षकाने आपल्याला हे लागू आहे का, ते शिक्षणाधिकाऱ्यांकडून लेखी घ्यावं. तोंडी ‘काही लागत नाही’ यावर निघू नये.

तिकडची मंडळी इकडे आली आणि घरी उतरली, तर २४ तासांत परदेशी पाहुण्याची ऑनलाइन नोंद करायची. सी-फॉर्म म्हणतात तो हाच. हॉटेलला लागतो तसा घरालाही लागतो. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयातून चालतं. आठवडाभर आधी जाऊन यजमान घरांची यादी देऊन या. रशियातही असंच आहे, यजमानाने पाहुण्याची नोंद ७ कामाच्या दिवसांत करायची असते. तो शिक्का मारलेला कागद पासपोर्टबरोबर ठेवायचा.

व्हिसाचं थोडक्यात. अमेरिकेच्या जे-१ म्हणजे देवाणघेवाणीच्या व्हिसावर शाळकरी मुलाला किमान एक सत्र राहावं लागतं आणि तिकडच्या मान्यताप्राप्त संस्थेचा डीएस-२०१९ कागद लागतो. दोन आठवड्यांच्या भेटीला तो वर्ग नाही, ती भेट बी म्हणजे पाहुण्यांच्या व्हिसात बसते. रशियाच्या नेहमीच्या (ई-व्हिसा नसलेल्या) व्हिसाला निमंत्रणपत्र लागतं. तिकडच्या व्हिसावर नाव सिरिलिक लिपीत असतं, ते कुणा वाचणाऱ्याकडून तपासून घ्या. सर्वांत जास्त अडतं ते आपल्याच कागदांवर. जन्मदाखल्यावर एक नाव, शाळेच्या रजिस्टरला दुसरं, आधारवर वडिलांचं नाव गायब. ज्या मुलांना पुढे कधी न्यायचं मनात असेल, त्यांची नावं आत्ताच जुळवून घ्या.

रशियात व्हिसा आणि मास्टरकार्ड कंपन्यांनी मार्च २०२२ मध्ये काम थांबवलं. आपल्याकडची ती कार्डं तिथे चालत नाहीत. गट नेला तर रोख दोन प्रौढांत विभागून.

बोरीकाठ

फार उपकार झाले. ठरवलं असं: पहिल्या वर्षी प्रवास नाही. रशियन शाळेबरोबर चित्रं आणि महिन्याला एक ऑनलाइन तास, अमेरिकन शाळेबरोबर नदीवरचा प्रकल्प. ‘भगिनी’ शब्द काढला. आता तासाची वेळ काय ठेवू? आणि चित्रं पाठवताना काय सांभाळू?

गिरणाथडी

पश्चिम रशियाच्या शाळेसाठी आपले दुपारचे १२:३० धरा, तिथे सकाळचे १० असतात. रशियात घड्याळं उन्हाळ्या-हिवाळ्यात बदलत नाहीत, वेळ वर्षभर तीच. अमेरिकेत बदलतात. मधल्या पट्ट्यातल्या शाळेसाठी आपले संध्याकाळचे ७:३० म्हणजे हिवाळ्यात तिथे सकाळचे ८ आणि उन्हाळी वेळेत ९. मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी हा फरक पडतो, त्या आठवड्यात तास ठेवूच नका. मुलींना साडेसातला शाळेत थांबवणं अवघड असेल, तर अमेरिकेकडे व्हिडिओ रेकॉर्ड करून पाठवा आणि समोरासमोरचा तास तीन महिन्यांतून एक ठेवा.

महिने म्हणाल तर मधला जानेवारी ते फेब्रुवारीअखेर सर्वांत मोकळा. रशियात नववर्षाची सुट्टी ७ जानेवारीचा त्यांचा नाताळ होऊन जाईपर्यंत असते, मार्चअखेरीस वसंताची सुट्टी, मे संपता शाळा संपते. अमेरिकेत नोव्हेंबरचा चौथा गुरुवार आणि नाताळचा आठवडा बाद. आणि पुढे कधी पाहुणे बोलावाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. सरोवराकाठच्या थंड गावातल्या मुलाला तो धोक्याचा आहे.

भरीत, कळण्याची भाकरी पाहुण्यांना जरूर द्या, पण पहिल्या दिवशी ठेच्याशिवाय, आणि पिण्याचं पाणी उकळलेलंच.

सातपुडा_वारा

चित्रांचं माझ्याकडून. कागद ए-४ घ्या, २१० बाय २९७ मिलिमीटर, रशियातही तोच चालतो. अमेरिकेत मात्र शाळेचा कागद २१६ बाय २७९ असतो, फ्रेमा त्याच मापाच्या. ए-४ चित्र त्यांत उंचीला बसत नाही आणि कुणीतरी कात्री लावतं. तिकडे पाठवायचं असेल तर चारही बाजूंनी दोन सेंटिमीटर कोरी जागा सोडायला सांगा. तेलखडूची चित्रं एकमेकांना चिकटतात, मध्ये बटर पेपर घाला. गुंडाळी करू नका, दोन जाड पुठ्ठ्यांत सपाट बांधा. मागे पेन्सिलने मुलाचं पहिलं नाव आणि वय एवढंच लिहा, पत्ता नको. पोस्टात सीमाशुल्काचं घोषणापत्र भरताना ‘मुलांची चित्रं, विक्रीसाठी नाहीत’ असं इंग्रजीत लिहा. सोबत ज्वारीची कणसं, कापसाचं बी, केळी असलं काही घालू नका. बी-बियाणं आणि ताजी फळं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय जात नाहीत आणि त्यापायी अख्खं पाकीट अडकतं. कापसाचं बोंड दाखवायचं असेल तर फोटो काढून पाठवा.

आणि चित्रं निघण्यापूर्वी प्रत्येकाचा फोटो काढून ठेवा. पाकीट हरवलं तर तिकडे निदान छापून लावता येतील.